मागता येणे : तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसोबतच्या कामाच्या नोंदी

१० जून

प्रकल्पाला आज सुरुवात झाली. निवासी केंद्रातील तीन प्रौढ व्यक्ती यात सहभागी असून या वहीत त्यांचा उल्लेख 'क', 'ग' आणि 'म' असा होईल. तिघांनाही बोलता येत नाही. 'ग' पंचविशीतला असून हातापायांनी धडधाकट आहे. 'क' चाळिशीच्या आसपासची आहे आणि काम पुढे ठेवले की स्वतःच्या मनगटाला चावते. 'म' वयाने सर्वांत मोठा असून चाकांच्या खुर्चीत असतो. त्याची दृष्टी अधू आहे आणि हातांच्या स्नायूंमध्ये ताठरपणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात बुद्ध्यंक २० ते ३४ असल्यास तीव्र आणि २० च्या खाली असल्यास अतितीव्र अक्षमता मानली गेली होती, आणि तिघांच्या जुन्या कागदपत्रांत त्याच भाषेतले शेरे आहेत. मात्र संवाद कसा शिकवायचा हे ठरवताना त्या आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही. ही व्यक्ती आज हवे-नको ते कशाने कळवते आणि ते कोणाकोणाला कळते, हे पाहण्याचा उपयोग त्याहून कितीतरी अधिक होतो.

त्या दृष्टीने पाहिले तर तिघेही आधीपासूनच मागत आहेत. 'ग' समोरच्या माणसाचे मनगट धरून त्याला कपाटापर्यंत नेतो, 'म' आवाजाच्या दिशेने मान वळवतो आणि ओठ दाबतो, 'क' चावते. जुन्या कार्यकर्त्यांना हे सगळे वाचता येते. नवा माणूस कामावर आला की पंचाईत होते. म्हणून उद्दिष्ट मर्यादित ठेवले आहे : प्रत्येकाजवळ अशी किमान एक मागणी असावी, जी अनोळखी माणसालाही समजेल आणि जी कोणी काही न विचारता त्या व्यक्तीने स्वतःहून केलेली असेल. यातली दुसरी अट मी मुद्दाम घातली आहे. अमेरिकन वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५७ साली भाषिक वर्तनाचे जे वर्गीकरण मांडले त्यात मागणी वेगळी काढली, ती याच कारणाने : तिचा उगम बोलणाऱ्याच्या त्या क्षणीच्या गरजेत असतो, समोरच्याच्या प्रश्नात नसतो. पाण्याचे चित्र दाखवल्यावर बरोबर खूण करणारा माणूस तहान लागल्यावर तीच खूण करेल, असे गृहीत धरता येत नाही.

१४ जून

दिवसभराचे निरीक्षण झाले. केंद्राची व्यवस्था चोख आहे, आणि आमच्या कामाच्या दृष्टीने तीच मोठी अडचण आहे. पाण्याचा पेला तहान लागण्याआधी येतो, पंखा उकडण्याआधी लागतो, बाहेर नेण्याची वेळ ठरलेली आहे. मागण्याची वेळ येण्यापूर्वीच वस्तू हातात पडत असेल, तर मागायला शिकण्याचे कारणच उरत नाही.

हे निरीक्षण नवे नाही. हॅले, मार्शल आणि स्प्रॅडलिन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संस्थेत राहणाऱ्या मुलांना जेवणाचे ताट लगेच न देता ताट हातात घेऊन १५ सेकंद नुसते थांबण्याची पद्धत वापरली होती. काही मुलांनी केवळ तेवढ्या अवकाशात मागायला सुरुवात केली, आणि काहींना आधी नमुना करून दाखवावा लागला. त्यातील बारकावा असा की देणारा माणूस समोर उभा असतो, त्याची नजर मुलाकडे असते, वस्तू दिसत असते, आणि तो काहीच बोलत नाही. आमच्याकडे सर्वांत कठीण जाणार आहे ते हे न बोलणेच. कार्यकर्ते मायेपोटी सतत विचारत राहतात : "काय हवंय? हे हवंय का? की ते?" उत्तर येण्यापूर्वी वस्तू दिलेली असते.

२१ जून

आवडीनिवडींची चाचणी झाली. मागणी शिकवायची तर आधी खरोखर हवीशी वस्तू हाताशी पाहिजे, आणि ती ओळखण्यात आपल्या अंदाजावर भिस्त ठेवू नये असे माझे पक्के मत आहे. गंभीर अक्षमता असलेल्या व्यक्तींना काय आवडते याबद्दल कर्मचाऱ्यांनी दिलेली मते आणि पद्धतशीर चाचणीतून निघालेला क्रम यांचा मेळ बसत नाही, हे ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच दाखवले होते.

'ग' साठी फिशर आणि सहकाऱ्यांची १९९२ ची जोडी-पद्धत वापरली : दोन वस्तू पुढे ठेवायच्या, ज्या वस्तूकडे हात जाईल ती द्यायची, आणि प्रत्येक वस्तूची प्रत्येक वस्तूशी जोडी लावायची. सगळ्यांनी त्याची आवड म्हणून चेंडू सांगितला होता. चाचणीत चेंडू तळाशी गेला आणि लहान रेडिओ वर आला. चेंडू त्याच्या हातात नेहमी दिसतो, कारण तो एकच त्याच्या हाती लागेल असा ठेवलेला असतो.

'म' साठी जोडी-पद्धत चालत नाही, कारण दोन वस्तू त्याला एकाच वेळी दिसत नाहीत. त्याला एकेक गोष्ट थोडा वेळ अनुभवू दिली आणि ती बंद केल्यावर तो काय करतो ते पाहिले. गाणे थांबले की त्याची मान वळते आणि श्वासाची लय बदलते. गालावर येणारा पंख्याचा वारा थांबला की तेच होते. मऊ खेळणी, सुगंध आणि कंप पावणारी उशी यांचे त्याला काहीच वाटले नाही. 'क' ला वस्तूंमध्ये विशेष रस दिसला नाही. तिला सर्वांत जास्त हवी असते ती सुटका, हे बहुतेक स्पष्ट आहे. त्याची तपासणी स्वतंत्रपणे करू.

२७ जून

मागणीचे रूप ठरवण्यासाठी बैठक घेतली. हातांच्या खुणा कुठेही बरोबर जातात आणि हरवत नाहीत, परंतु त्या समोरच्याला येत असाव्या लागतात, आणि रात्रपाळीतील बदली कार्यकर्त्यांकडून ती अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. चित्र कोणालाही कळते. मात्र चित्र आणि वस्तू यांचे नाते ज्याला उमगलेले नाही, त्याच्यासाठी सुरुवातीला ते केवळ पुठ्ठ्याचा तुकडा असते. 'ग' साठी चित्रकार्ड, 'क' साठी एकच ठळक कार्ड आणि 'म' साठी दाबल्यावर ध्वनिमुद्रित वाक्य उमटवणारे मोठे बटण, असे ठरले.

"सगळ्यांना 'हवंय' अशी एकच सर्वसामान्य खूण शिकवू, म्हणजे सगळीकडे चालेल," अशी सूचना आली होती. ती मोहात पाडणारी आहे, पण मी तिला विरोध केला. वस्तू डोळ्यांसमोर असेतोवरच ती खूण अर्थपूर्ण राहते. वस्तू दुसऱ्या खोलीत असली की समोरच्याला पुन्हा अंदाज बांधण्याचा खेळ खेळावा लागतो. शिवाय एका खुणेवर सगळे मिळते असे कळल्यावर पुढे नेमक्या खुणा शिकण्याची गरज त्या व्यक्तीला वाटत नाही.

४ जुलै

'ग' सोबत पहिले सत्र झाले. बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ज्या चित्र-देवाणघेवाण पद्धतीवर काम सुरू केले, तिच्या सहा टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्याला दोन प्रशिक्षक लागतात आणि पुष्कळ ठिकाणी मनुष्यबळाचे कारण देऊन दुसऱ्याला वगळले जाते. आम्ही वगळले नाही. एक कार्यकर्ती समोर रेडिओ घेऊन बसली. दुसरा त्याच्या मागे, त्याला दिसणार नाही असा. दोघांमध्ये टेबलावर एकच कार्ड.

रेडिओ वाजवून बंद केल्यावर 'ग' चा हात रेडिओकडे झेपावला. मागच्या कार्यकर्त्याने तोच हात कार्डाकडे वळवला, बोटे कार्डाभोवती मिटवली, हात पुढे नेला आणि समोरच्या उघड्या तळव्यावर बोटे सैल केली. समोरची कार्यकर्ती त्याच क्षणी "रेडिओ" म्हणाली आणि तिने रेडिओ दिला. 'ग' ने कार्डाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याची नजर सतत रेडिओवर होती, आणि या टप्प्यात तसेच असायला हवे. दोघांनी दोन नियम काटेकोरपणे पाळायचे आहेत. मागचा कार्यकर्ता बोलत नाही आणि 'ग' चा हात स्वतःहून हलेपर्यंत त्याला हात लावत नाही, समोरची कार्यकर्ती "काय हवं?" असे विचारत नाही आणि "कार्ड दे" असेही सांगत नाही. विचारले की मागणीचे उत्तर होते, आणि मग तो जन्मभर कोणीतरी विचारण्याची वाट पाहत राहतो.

मदत कमी करायची ती शेवटाकडून : आधी बोटे सैल करणे सोडायचे, मग हात पुढे नेणे, सर्वांत शेवटी उचलायला लावणे.

११ जुलै

समोरचा तळवा दिसला की 'ग' आता कार्ड सोडतो. उचलण्यासाठी अजून कोपराला हलका स्पर्श लागतो. तळवा किती लवकर पुढे करायचा यावर आमच्यात मतभेद झाले. माझे म्हणणे असे की कार्ड उचलले गेल्यावरच तळवा उघडावा, अन्यथा उघडा तळवा हाच न बोललेला प्रश्न होऊन बसतो.

१८ जुलै

'म' चे बटण. दोन आठवडे केवळ ते कुठे बसवायचे यातच गेले. हाताने दाबताना ताठर झालेला हात अडकून बसतो. खुर्चीच्या डोक्याच्या आधाराला, उजव्या गालाजवळ बसवल्यावर मान किंचित वळवून ते दाबले जाते. बटण दाबल्यावर "गाणं लावा" असा आवाज उमटतो आणि कार्यकर्ता थोडा वेळ गाणे लावतो.

आता खरा प्रश्न असा की हे दाबणे हेतुपूर्वक आहे की मान वळली म्हणून घडलेले आहे. याचा निकाल "त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो" अशा साक्षींवर लावू नये. आम्ही काही दिवस बटण गाण्याशी जोडलेले ठेवतो, काही दिवस दाबल्यावर गाणे लावत नाही, आणि पुन्हा जोडतो. मान वळण्याचे प्रमाण जोडलेल्या दिवसांत स्पष्टपणे वाढले आणि न जोडलेल्या दिवसांत खाली आले, तरच ती मागणी मानायची. याशिवाय गाणे चालू असताना तो बटण दाबतो का, हेही लिहून ठेवत आहोत. हवे ते मिळाल्यावर मागणे थांबायला हवे.

एका कार्यकर्त्याने सुचवले की 'म' च्या हाताला आधार देऊन त्याला अक्षरफलकावर बोट ठेवू द्यावे, कारण "आतून त्याला सगळं कळतं." या सूचनेमागची कळकळ मला समजते. परंतु आधार देऊन लिहून घेण्याच्या या पद्धतीची १९९० च्या दशकात नियंत्रित परीक्षा झाली. आधार देणाऱ्याला एक चित्र आणि लिहिणाऱ्याला दुसरे चित्र दाखवले असता लिहिले गेलेले उत्तर आधार देणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे निघाले. अमेरिकेतील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ सालीही ही पद्धत वापरू नये अशीच भूमिका घेतली. आमचा हात 'ग' च्या कोपराला लागतो तेव्हा तो काढून घेण्याची योजना आधीच कागदावर असते. जो हात कधीच निघणार नाही त्याच्याखालून आलेली मागणी कोणाची आहे, हे ठरवता येत नाही.

१ ऑगस्ट

'क' च्या चावण्याची तपासणी पूर्ण झाली. एकटी असताना ती चावत नाही, कोणी शेजारी नुसते बसले तरी नाही. काम पुढे सरकवल्यावर चावते आणि काम मागे घेतले की थांबते. म्हणजे तिच्यापाशी सुट्टीची मागणी आहेच, फक्त ती तिच्या मनगटावर उमटते.

कार आणि डुरंड यांच्या १९८५ च्या अभ्यासावर हे काम बेतले आहे. त्यांनी मुलांना दोन प्रकारची वाक्ये शिकवली, एक लक्ष मिळवणारे आणि एक मदत मागणारे. वर्तनामागच्या खऱ्या कारणाशी जुळणारे वाक्य शिकवले तेव्हाच ते वर्तन कमी झाले, न जुळणाऱ्या वाक्याने काही झाले नाही. 'क' ला म्हणून कोणती वस्तू मागायला शिकवून भागणार नाही. तिच्यासाठी तळहाताएवढे लाल कार्ड केले आहे, ते टेबलाला पट्टीने चिकटवलेले असते, आणि त्याला नुसता हात लावला तरी काम ताबडतोब बाजूला होते.

"नुसता हात लावला तरी" यावर चर्चा झाली. काहींना ते फार सोपे वाटले. पण सोपेच हवे. हॉर्नर आणि डे यांनी १९९१ मध्ये दाखवले की नवी मागणी जुन्या वर्तनापेक्षा जास्त श्रमाची, उशिरा फळणारी किंवा बेभरवशाची असेल, तर माणूस जुन्याकडेच परततो. चावायला क्षणही लागत नाही आणि ते हमखास लागू पडते. कार्डाची स्पर्धा त्याच्याशी आहे. कार्डाचा स्पर्श चावण्याच्या आधी घडावा यासाठी सुरुवातीला तिचा हात आम्ही काम पुढे येताच, ती अस्वस्थ होण्यापूर्वी, कार्डावर नेतो.

९ ऑगस्ट

आजच्या बैठकीत सर्वांत महत्त्वाचा आक्षेप आला : मिळत असलेली गोष्ट मुद्दाम अडवून माणसाला मागायला लावणे हा छळ नव्हे का? प्रश्न रास्त आहे. मागणी शिकवण्याच्या बऱ्याच पद्धती गरज निर्माण करण्यावर उभ्या आहेत. गोएट्झ, गी आणि सेलर यांनी १९८५ मध्ये वापरलेल्या पद्धतीत तर चालू असलेले काम मध्येच थांबवले जाते, जेणेकरून पुढची पायरी गाठण्यासाठी व्यक्तीला मागावे लागेल. हेच साधन बेफिकीर हातात गेले तर ते सत्ता गाजवण्याचे निमित्त होऊ शकते.

म्हणून केंद्रासाठी काही गोष्टी लेखी ठरवल्या. पिण्याचे पाणी, शौचालय, औषध, वेदनेवरील उपाय, ऊब आणि झोप यांचा वापर मागणी शिकवण्यासाठी करायचा नाही. या बाबतीत मागणी आली तर उत्तमच, न आली तरी वेळेवर द्यायचे. इतर गोष्टींतही थांबणे काही सेकंदांचे असेल, आणि त्या अवधीत मागणी झाली नाही तर मदत करून ती घडवायची आणि वस्तू द्यायचीच. कोणीही रिकाम्या हाताने परतणार नाही. व्यक्ती आजारी, थकलेली किंवा अस्वस्थ असेल त्या दिवशी सत्र होणार नाही.

मला वाटते की खरी उलट बाजूही मांडायला हवी. वर्षानुवर्षे सगळे न मागता देत राहणे म्हणजे कधी, किती आणि काय हे कायम दुसऱ्याने ठरवणे होय, आणि त्याला कोणी अडवणूक म्हणत नाही.

२२ ऑगस्ट

'ग' आता खोलीच्या दुसऱ्या टोकाहून कार्ड आणतो. कार्यकर्ती पाठमोरी असेल तर तिच्या खांद्यावर टकटक करतो. हे आम्ही शिकवलेले नाही.

दोन कार्डे ठेवल्यावर मात्र तो हाताला येईल ते देतो. एक कार्ड रेडिओचे, दुसरे त्याला मुळीच नको असलेल्या मोज्याचे. मोज्याचे कार्ड दिल्यावर मोजा हातात आला की तो भिरकावतो आणि लगेच रेडिओकडे झेपावतो. त्या क्षणी त्याला रेडिओचे कार्ड दाखवून, हाताळायला देऊन, मध्ये दुसरेच काही सोपे करवून घेऊन पुन्हा संधी द्यायची, असा क्रम ठेवला आहे. पुढे दोन्ही वस्तू आवडीच्या झाल्या की फेकणे ही खूण उरणार नाही. तेव्हा कार्ड घेतल्यावर दोन्ही वस्तू पुढे धरून "घे" म्हणायचे, आणि मागितलेली वस्तूच तो उचलतो का ते पाहायचे.

५ सप्टेंबर

'क' दिवसभर लाल कार्डाला हात लावत असते. कार्यकर्ते हताश झाले आहेत : "आता ती कामच करत नाही." हे अपेक्षित होते आणि मी ते यश मानतो, कारण मनगटावरची जुनी जखम भरत आली आहे. या टप्प्यावर घाबरून कार्ड काढून घेणे सर्वांत घातक ठरेल. मागणी निष्फळ ठरली की जुने वर्तन उसळून परत येते.

त्याऐवजी सुट्टी केव्हा मिळेल आणि केव्हा नाही हे तिला दिसेल असे करायचे. टेबलावर हिरवी चकती असेल तेव्हा लाल कार्ड चालते. पांढरी चकती असताना चालत नाही, आणि ती फार थोडा वेळ असते. असे दोन ठळक संकेत वापरून मागणीची जागा आखून देण्याचा मार्ग हॅन्ले, इवाटा आणि थॉम्प्सन यांनी २००१ मध्ये तपासला होता. पांढऱ्या चकतीचा काळ अगदी थोडा थोडा वाढवायचा. आणि काम बदलायचे : कपड्यांच्या त्याच त्या घड्या घालण्याऐवजी तिला काही अर्थपूर्ण वाटेल असे. सुट्टीची इतकी मागणी येत असेल तर ती त्या कामाबद्दलचीही तक्रार असू शकते.

१९ सप्टेंबर

आठवड्याच्या शेवटी केंद्रात गेलो तेव्हा 'ग' ची कार्डवही कपाटात कुलूपबंद सापडली. "हरवू नये म्हणून" ठेवली होती. वही आता पट्ट्याने त्याच्या खांद्याला असेल, आणि प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती कार्यालयात. बोलणाऱ्याचा आवाज कोणी काळजीपोटी कपाटात ठेवत नाही.

'म' च्या बटणाचा निकाल स्पष्ट आहे. न जोडलेल्या दिवसांत मान वळणे मंदावले, जोडल्यावर परतले, आणि गाणे चालू असताना तो सहसा बटण दाबत नाही.

३ ऑक्टोबर

नकाराकडे आमचे लक्ष उशिरा जाते आहे, म्हणून स्वतंत्र नोंद. गंभीर अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या संवादविषयक गरजांसाठी अमेरिकेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय संयुक्त समितीने १९९२ मध्ये संवादहक्कांची सनद प्रसिद्ध केली, आणि २०१६ च्या सुधारित मसुद्यात तिची १५ कलमे आहेत. नको असलेली वस्तू, कृती किंवा पर्याय नाकारण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत आहे. आमच्या तिन्ही योजनांत 'हवे' पुष्कळ आहे आणि 'नको' फक्त 'क' कडे.

'ग' ला नको ती वस्तू पुढे केल्यावर ती हळूच बाजूला सरकवणे शिकवायला घेतले आहे. भिरकावण्याचे हे सौम्य रूप त्याच्या अंगवळणी पडू शकते. कार्यकर्त्यांसाठी सूचना : नकार पाळता येणार नाही अशा वेळी (औषध, स्वच्छता) त्याला पर्याय विचारल्यासारखे करू नये. पर्याय दिला की नकार मानावाच लागतो.

२४ ऑक्टोबर

पांढऱ्या चकतीचा काळ वाढूनही 'क' शांत राहते. चावणे क्वचित, बहुधा नवा कार्यकर्ता संकेत विसरतो त्या दिवशी. 'ग' चार कार्डांतून निवड करतो. काल त्याने रेडिओचे कार्ड दिले तेव्हा रेडिओ दुरुस्तीसाठी गेलेला होता. कार्यकर्तीने रिकामी जागा दाखवली आणि वही पुढे केली. तो काही वेळ घुटमळला, मग त्याने फिरायला जाण्याचे कार्ड काढले. 'नाही' ऐकून घेणेही पुढील काळात रीतसर शिकवावे लागेल, आणि "आता संपले" दाखवणारी आडवी पट्टी सर्व कार्डांसाठी तयार करायची आहे.

'म' च्या खुर्चीला डाव्या गालाजवळ पंख्यासाठी दुसरे बटण बसवायचे आहे. दोन्ही आवाज वेगवेगळ्या व्यक्तींचे मुद्रित करावेत, म्हणजे अधू दृष्टीतही फरक ओळखू येईल. पहिले काही दिवस पुन्हा जोडलेले आणि न जोडलेले असा क्रम ठेवून तपासणी होईल. रात्रपाळीच्या कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण त्याआधी पूर्ण व्हावे, कारण उकाड्याने त्याला जाग येते ती रात्रीच.